गोकाक नंतर, आधी किल्ला
'बेळगावात फुकटात बघण्यासारखं काही नाही, सरळ गोकाक गाठा' असा सल्ला काही जण देतात, तो मला अर्धाच पटतो. गोकाकचा धबधबा जुलै ते सप्टेंबरमध्येच बघावा. उन्हाळ्यात घटप्रभा नदीला पाणी नसतं, मग 52 मीटरचा कोरडा कडा बघायला बसभाडं कशाला घालवायचं?

त्यापेक्षा बेळगावचा किल्ला बघा. मध्यवर्ती बसस्टँडवरून चालत जाता येतं, रिक्षा करू नका. आतल्या 1204 सालच्या कमलबस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, तिकीट नाही. बहुतेक जण नेमिनाथांचं दर्शन घेऊन पाच मिनिटांत बाहेर पडतात आणि खरी गोष्टच चुकवतात: मंडपाच्या छताला उलटं लोंबणारं दगडी कमळ, 72 पाकळ्यांचं. आत अंधार असतो, म्हणून बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा, मग बरोबर मधोमध उभं राहून वर बघा. खांबांवरची झिलईही तेव्हाच कळते.

तिथून रामकृष्ण आश्रम जवळच आहे. 1892 मध्ये विवेकानंद बेळगावात आले तेव्हा तिथेही राहिले होते. (त्याआधीचा मुक्काम रिसालदार गल्लीत, तेही घर जपलंय.) किल्ल्यात लष्कराची हद्द आहे, त्यामुळे पाटी बघूनच मोबाईल काढा.