डिपेंडन्सी ट्री स्वच्छ, तरी नोसचमेथडएरर?
जावा प्रोग्राम नोसचमेथडएररने (हवी ती मेथड क्लासमध्ये सापडली नाही, या एररने) अडला, की पॉममध्ये, म्हणजे मेव्हन या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये, ग्वावा लायब्ररीची नवी आवृत्ती थेट लिहा असा सल्ला मिळतो. तो मेव्हनपुरता बरोबर आहे. प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींच्या (डिपेंडन्सींच्या) ट्रीमध्ये प्रोजेक्टला सगळ्यात जवळची आवृत्तीच निवडली जाते. पण त्यानंतरही नोसचमेथडएरर येत असेल, तर डिपेंडन्सी ट्री पुन्हापुन्हा तपासून हाती काही लागणार नाही. ती फक्त बिल्डचं चित्र दाखवते. सर्व्हरच्या लिब फोल्डरमधली जुनी जार (जावा क्लास एकत्र बांधलेली फाइल) किंवा दुसऱ्या लायब्ररीने स्वतःच्या जारमध्ये कोंबलेले ग्वावाचे क्लास तिथे दिसतच नाहीत.

जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) '-व्हर्बोस:क्लास' (-verbose:class) हा पर्याय देऊन प्रोग्राम चालवा आणि आउटपुटमध्ये एररमधल्या क्लासचं नाव शोधा. त्याच ओळीत तो कुठल्या जारमधून लोड झाला तो पाथ असतो. क्लास कोंबलेले निघाले तर पॉममधलं एक्स्क्लूजन (वगळण्याची नोंद) निरुपयोगी, कारण ते अख्खी डिपेंडन्सी वगळतं, जारच्या पोटातले क्लास नाही. त्या लायब्ररीचीच आवृत्ती बदलावी लागते.