अंधारबन एका दिवसात: सोबत १२ वर्षांची लेक आणि ६४ वर्षांचे बाबा

वारजेकरीण

मंडळी, सल्ला हवाय. लेकीला गेल्या पावसाळ्यात कबूल केलं होतं की तुला दाट जंगलातून चालत नेईन, धबधबे दाखवीन. ते राहूनच गेलं. यंदा ती १२ वर्षांची झाली आणि शाळेसाठी शेकरूचा तक्ता केल्यापासून तिनं एकच धरलंय, खरंखुरं शेकरू बघायचं.

ताम्हिणीजवळचं अंधारबन डोक्यात आहे. तिथल्या पिंपरी गावातून निघायचं, जंगलातून हिर्डी, मग खाली भिरा गाव. वाट साधारण १३-१४ किमी आणि बरीचशी उताराची आहे असं कळलं. आम्ही चौघं असू: मी, लेक, माझा धाकटा भाऊ (गाडी त्याची) आणि बाबा. बाबा रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. मागच्या महिन्यात आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड सव्वा तासात चढले. उतरताना मात्र डावा गुडघा कुरकुरतो, आणि ते बोलून दाखवत नाहीत, नुसतं चालणं हळू होतं. लेक सिंहगड, लोहगड चढली आहे, पण वाहता ओढा तिनं कधी ओलांडलेला नाही.

मनात धाकधूक आहे ती पाण्याची. २५ जुलै २०२४ ला पुण्यात पूर आला, तेव्हा माझी मावशी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत होती. पहाटे पार्किंगमध्ये पाणी आलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याच्या जिन्याला लागलं. तेव्हापासून गढूळ पाणी दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण म्हणून लेकीला पाऊस खिडकीतूनच दाखवायचा, हेही पटत नाही.

एका दिवसात हे होईल का? भिऱ्याला उतरलो तर गाडीचं काय करायचं? आणि ओढ्यांचा अंदाज घरी बसून कसा घ्यायचा?

हिरवा घाट

होईल की. आम्ही दोन कुटुंबं मिळून सप्टेंबरात पूर्ण केलं, सहा-सात तास लागले. गाडी पिंपरीतच ठेवली होती, भिऱ्याहून गावातली जीप आदल्या दिवशी सांगून ठेवली होती. विळ्यावरून ताम्हिणी घाट चढून परत पिंपरीला यावं लागतं, तेव्हा त्याला वेळ धरा. मुलं झकास चालली. जुलैचं मात्र मी सांगू शकत नाही.

पायवाट

ताई, तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं मी परत वाचली. बाबांचा गुडघा आणि लेकीचा पहिला ओढा. या दोन्हींवरून सांगतो, या वेळी भिऱ्यापर्यंत जाऊ नका. मी अठरा वर्षं दर पावसाळ्यात या भागात एकदा तरी जातो. हिर्डीच्या पुढचा उतार अंगावर येतो, पायाखाली ओले दगड, वर पाला. आणि तो येतो शेवटी, सगळे थकलेले असताना. तिथं गुडघ्यानं संप केला तर मागे फिरणं आणखी लांबचं. जंगलाचं सगळं वैभव पहिल्या टप्प्यातच आहे: पिंपरीच्या तळ्याच्या कडेनं आत शिरलं की दहा पावलांत उजेड कमी होतो, उजव्या-डाव्या हाताला वरून पाणी येत राहतं, आणि झाडी उघडली की समोर कुंडलिकेची दरी. दीड-दोन तास आत जा, खा-प्या, मागे फिरा.

पण मग एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती मी स्वतः चूक करून शिकलो. आल्या वाटेनं परत यायचं म्हणजे तेच ओढे दुसऱ्यांदा ओलांडायचे, आणि तेही दुपारी. २०१६ च्या जुलैत आम्ही आठ जण होतो, माझा पुतण्या तेव्हा १३ वर्षांचा. साडेनऊला ओढा ओलांडला तेव्हा पाणी पोटरीला लागत होतं, तळाचा खडा न् खडा दिसत होता. पुढे रमलो. वर पाऊस वाढलाय हे झाडीत कळलंच नाही, कारण पानांवरून गळणारं पाणी दिवसभर सारखंच गळतं. सव्वा वाजता परत आलो तर तोच ओढा चहाच्या रंगाचा झाला होता, मांडीपर्यंत पाणी, आणि तळातून दगड गडगडल्याचा आवाज येत होता. आमच्यातल्या दोघांनी हाताची साखळी करून जाऊ असं म्हणायला सुरुवात केली.

तेवढ्यात प्लास्टिकची खोळ घेतलेला एक गुराखी मागून आला. पाण्याकडे बघितलं आणि काही न बोलता एक काटकी मोडून बरोबर पाण्याच्या काठावर मातीत रोवली. मग दगडावर बसला. म्हणाला, "काडी कोरडी पडस्तवर बसा." पाच मिनिटांत काडी अर्धी बुडाली. म्हणजे पाणी अजून चढत होतं आणि आमचे दोघे त्यातच उतरायला निघाले होते. तीन वाजून चाळीस मिनिटांनी काडीच्या बुडाशी नुसता चिखल उरला, काडीपासून पाणी वीतभर लांब गेलं, तळ पुन्हा दिसायला लागला. सगळे सुखरूप पार झालो. पुतण्याचे ओठ थंडीनं निळे पडले होते, बाकी काही नाही.

घाटमाथ्याचे हे ओढे आखूड आहेत. वर कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, म्हणून पाऊस पडला की पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं. भरतातही झटकन आणि पाऊस थांबला की उतरतातही बऱ्यापैकी लवकर. त्यामुळे थांबण्यानं खरंच काम होतं. म्हणून सॅकमध्ये थांबण्याचं सामान हवं: प्रत्येकाचा एक कोरडा गरम कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, जास्तीचं खाणं, टॉर्च. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या की पात्रातून बाहेर. तुमच्या डोक्यावर पाऊस असो वा नसो.

ओलांडताना बूट काढू नका. काठी घ्या, तोंड वरच्या अंगाला, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, एक पाऊल टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. लेक भावाच्या वरच्या नाही, खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा जोर त्याच्या अंगावर येईल. आणि जिथून पाणी खाली कोसळतं त्याच्या जवळ कधीच ओलांडायचं नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. मोठ्या धबधब्याच्या धारेखाली उभंही राहू नका. वरून पाण्याबरोबर दगड येतात.

घरी बसून अंदाज म्हणाल तर पुणे शहराचा अंदाज बघून काही उपयोग नाही. हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो बघा. ऑरेंज म्हणजे दिवसाला ११५ मिमीच्या वर, रेड म्हणजे २०४ च्या वर. यातलं एक जरी असलं तरी बेत रद्द. शिवाय ताम्हिणी, शिरगाव, दावडी, डुंगरवाडी इथल्या पावसाचे आकडे बातम्यांत येतात, ते चार दिवस आधीपासून बघत जा. तुमच्या मावशीकडे पाणी शिरलं त्या दिवशी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदला होता.

वारजेकरीण

पायवाटदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काडीचं वाचून बाबा म्हणाले, हे माझी आई मुळशीकडे असंच करायची, फक्त दगडावर कोळशानं रेघ ओढायची. भिरा आम्ही सोडून दिलं. पण दोन गोष्टी राहिल्या. रविवारशिवाय भावाला सुट्टी नाही. आणि शेकरू दिसेल का हो? लेक शेजारी बसून वाचतेय.

माळरानी

रविवार नको, ताई. भावाला एक रजा टाकायला सांगा. शनिवार-रविवारी अरुंद वाटेवर माणसांची रांग लागते, ओढ्यापाशी मागचे लोक "चला, चला" करतात, आणि नवशिक्या पोरीला घाईत पाय टाकावा लागतो. मंगळवार-बुधवारी तोच ओढा ती हवा तेवढा वेळ घेऊन ओलांडेल.

निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी कराच. भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एक कुटुंब वाहून गेलं, आणि पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, जागा मध्येच बंद होते. बंद असेल तर आडवाटेनं घुसू नका, मुलीसमोर तर नाहीच.

लेकीसाठी: बाळा, भर पावसात शेकरू सहसा पानांत दडून असतं, त्यामुळे दिसेलच असं नाही. पण मान वर करून चाल. उंच झाडांच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसले तर ती त्याची घरटी. एकेकाची अनेक असतात. आणि ओढ्याकाठी कोणी माणूस शीळ घालतोय असं वाटलं तर थांब. तो शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात तो पहाटेपासून गातो, पाण्याच्या आवाजावरही त्याची शीळ ऐकू येते. काळानिळा पक्षी आहे, ओल्या दगडावर बसलेला सापडेल.

पायवाट

माळरानींच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. वारज्याहून साडेपाचला निघा. चांदणी चौक, पौड, मुळशी, मग निव्याजवळ उजवीकडे लोणावळ्याचा फाटा. आठच्या सुमारास पिंपरीत पोचाल. काही झालं तरी साडेदहाला जिथं असाल तिथून परत. पहिल्या ओढ्याशी पोचलात की जाताना काडी बाबांच्या हातानं रोवा. गावात ज्यांच्याकडे गाडी लावाल त्यांच्याकडेच जेवण सांगून ठेवा, पिठलं-भाकरी गरम मिळते आणि तुम्ही किती वाजता परत यायला हवे हे गावात कोणाला तरी माहीत राहतं. आत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे हे महत्त्वाचं.

वारजेकरीण

भावानं पुढच्या बुधवारची रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळी घाटमाथ्याचा इशारा बघून ठरवणार, ऑरेंज असेल तर त्याच्या पुढचा बुधवार. बाबांसाठी गुडघ्याचा पट्टा आणलाय, त्यांनी कुरकुर न करता घालून बघितला. लेकीनं खालच्या बागेत वाळूत काटकी रोवून, बादलीनं पाणी ओतून तीनदा बघितलंय. चौथ्यांदा काडी वाहून गेली, तेव्हा तिनं मला विचारलं, मग तेव्हा काय करायचं? मी सांगितलं, तेव्हा तर बसूनच राहायचं. बरोबर सांगितलं ना?

पायवाट

अगदी बरोबर. बसा आणि नवी काडी जरा मागे रोवा.