ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही तर पुढच्या खेपेची स्लिप नाही: हा नियम कारखान्याच्या काट्यावर का नसावा?

भोगावतीकाठ

हंगाम सुरू झालाय. कोल्हापुरातली फुलेवाडी सोडली की गगनबावडा रस्त्यावर कळ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. एका हेडला, म्हणजे ट्रॅक्टरला, दोन ट्रॉल्या, फाळक्याच्या (मागच्या फळीच्या) बाहेर हातभर आलेला ऊस, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर.

गेल्या हंगामात माझा मावसभाऊ रात्री साडेनऊला बालिंग्याचा पूल ओलांडून घरी निघाला होता. समोरून एसटी आली, तिच्या लाइटनं डोळे दिपले, आणि एसटी पुढं गेली तोवर त्याची मोटरसायकल पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीत घुसली होती. तो तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या जागी गेलो. ट्रॉली नेलेली होती, पण चाकाला लावलेले तीन दगड रस्त्यातच पडले होते. ट्रॉली नंतर पोलीस ठाण्याच्या आवारात पाहिली. टेललाइटच्या जागी दोन भोकं होती, त्यातून वायर लोंबत होती. फाळक्याला एक लाल फडकं बांधलेलं, तेही वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यात, गुंतून गेलेलं. रात्री लाल कापड काळंच दिसतं, हे लक्षात ठेवा.

कागदावर काय लिहिलं गेलं? "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत." आरोपी तोच, मयत तोच.

माझं म्हणणं असं. मागं लाल रिफ्लेक्टर लावायचा नियम मोटार वाहन कायद्यात आधीपासून आहे. पण जिल्ह्यातल्या एवढ्या ट्रॉल्या रस्त्यावर अडवून तपासणार कोण? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मात्र प्रत्येक ट्रॉली येतेच. भरलेली एकदा, रिकामी एकदा. तिथंच बघा. आलेला ऊस परत पाठवू नका, उतरून घ्या, पण रिफ्लेक्टर लावल्याशिवाय पुढच्या खेपेची स्लिप, म्हणजे ऊस आणायची चिठ्ठी, देऊ नका. एका हंगामात फरक दिसेल.

दोन ट्रॉली एक हेड

दादा, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण मी ट्रॅक्टरवाला आहे आणि या मागणीला माझा विरोध आहे.

आमची गत बघा. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल द्यायची, तोडणीची टोळी आली तर आली, नाहीतर पैसे घेऊन गायब. हेडचा हप्ता, ट्रॉलीचा हप्ता, डिझेल. त्यात काट्यावर आणखी एक माणूस उभा करणार, जो म्हणेल रिफ्लेक्टरची पट्टी फिकी आहे, स्लिप नाही. मग त्याला काहीतरी दिलं की पट्टी चांगली होणार. हे होणारच.

आणि पट्टी टिकते का? फडात ट्रॉली चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतते. दुसऱ्या हेडनं ओढून काढतो तेव्हा मागची बाजू चिखलानं लिंपलेली असते. वर वाढं लोंबतं. मी एकदा दोन ट्रॉल्यांना पट्ट्या मारल्या होत्या, पंधरा दिवसांत एकही दिसेना.

आम्ही रात्री हौसेनं हिंडतोय का? नंबर लागत नाही म्हणून यार्डात दहा-बारा तास पडून राहायचं आणि रात्रीच फडाकडं परत फिरायचं. मोटरसायकलवाले मोबाइल कानाला लावून सत्तर-ऐंशीनं येतात, त्यांचं काय?

शाहूपुरीकर

मूळ मुद्दा शिस्तीचा आहे. आपल्याकडं किती जण हेल्मेट घालतात? सक्ती म्हटली की आपलं गाव उसळतं. टोलच्या वेळी उसळलो ते बरोबर होतं, पण हेल्मेटलाही तोच जोर लावला. हेल्मेटवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या गटानं २००८ साली आढावा घेतला. त्यात हेल्मेटमुळं मरण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आधी स्वतःच्या डोक्याची काळजी घ्या, मग ट्रॉलीवाल्याला शिकवा. वेग कमी, लक्ष रस्त्यावर, डोक्यावर हेल्मेट. एवढं पाळलं तर ट्रॉली अंधारात असली तरी माणूस वाचतो.

भोगावतीकाठ

हेल्मेटचं शंभर टक्के मान्य. भावानं घातलं नव्हतं, आणि ते आमच्या घरात सगळ्यांना रोज आठवतं. पण "एवढं पाळलं तर वाचतो" हे गणितात बसत नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिसलं, मेंदूला कळलं, ब्रेकवर पाय गेला, यात दीड सेकंद धरा. २५ मीटर गेले. गाडी थांबायला आणखी वीसेक. जुन्या मोटरसायकलचा डिपर, म्हणजे खाली पडणारा लाइट, तीस-चाळीस मीटरच्या पुढं धड दाखवत नाही. ताशी ४० असता तर कदाचित थांबला असता, पण समोरच्या एसटीनं डोळे दिपलेले असताना तेही सांगता येत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, अपघात विभागात बरीच वर्षं काढली. हंगामाच्या महिन्यांत रात्री आठनंतर कोणत्या जखमा येणार ते आम्हाला आधीच ठाऊक असतं. छाती, जबडा, कपाळ. मोटरसायकलचं चाक ट्रॉलीच्या खाली जातं आणि माणूस फाळक्यावर किंवा उसाच्या बुडख्यांवर आदळतो. कानाच्या मागं रुतलेला उसाचा तुकडा मी स्वतः काढलाय.

म्हणून "अपघात" हा शब्द मला खटकतो. दर हंगामाला, त्याच रस्त्यांवर, त्याच वेळेला, तशाच जखमा होत असतील तर त्याला अचानक घडलेलं म्हणायचं का? ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २००१ साली याच कारणानं आपल्या लेखांतून "अ‍ॅक्सिडेंट" हा शब्द काढायचं ठरवलं होतं.

विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर होते. अमेरिकेत १९६६ साली रस्ता सुरक्षेचं केंद्रीय खातं सुरू झालं तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी एक साधा तक्ता मांडला. धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर अशा तीन वेळा; आणि प्रत्येक वेळी माणूस, वाहन, परिसर यांत काय बदलता आलं असतं ते भरायचं. तुमच्या भावाचं भरून बघा. आधी: रिफ्लेक्टर, टेललाइट, ट्रॉली रस्त्याच्या कडेला घेणं, त्याचा वेग. क्षणी: हेल्मेट, फाळक्याखाली आडवी लोखंडी पट्टी, म्हणजे चाक आत घुसणार नाही. नंतर: १०८ किती वेळात आली, पहिल्यांदा उचललं कुणी, कसं. एवढ्या सगळ्या घरांतलं एकच घर पोलिसांच्या कागदात भरलं जातं, चालकाची हयगय. बाकीची रिकामी राहतात, म्हणून तिथं काही करावं असं कुणाला वाटतच नाही.

शाहूपुरीकर, तुम्ही आणि मूळ लेखक एकाच तक्त्यातल्या दोन घरांवरून भांडताय. दोन्ही भरा ना.

मापात बोला

तक्ते ठीक आहेत, पण अमेरिकेतला शहाणपणा इथं लावायची आपल्याला सवय लागलीय. तिथं रस्ता वेगळा, गाडी वेगळी, दंड वेगळा. ट्रॉलीला पट्टी लावल्यानं धडका किती कमी होतात, याचा आकडा आहे का कुणाकडं? नसेल तर ही भावनिक मागणी आहे.

भोगावतीकाठ

आकडा आहे, आणि अमेरिकेतलाच आहे. तिथं डिसेंबर १९९३ पासून नव्या जड ट्रेलरना चमकणारी पट्टी सक्तीची झाली. काही वर्षांनी फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या पोलिसांनी धडकांच्या नोंदी पाठवल्या आणि २००१ साली अहवाल आला. अंधारात ट्रेलरला मागून किंवा बाजूनं बसणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी कमी. रस्त्यावर दिवे नसतील तिथं ४१ टक्क्यांनी. आमच्या गगनबावडा रस्त्यावर कुठं दिवे आहेत?

ट्रॅक्टरवाले दादा, चिखलाचा तुमचा मुद्दाही त्याच अहवालात आहे. स्वच्छ पट्टी असेल तर मागून बसणाऱ्या धडका ५३ टक्क्यांनी कमी, मळलेली असेल तर फक्त २७. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण मळलेली पट्टीसुद्धा फडक्यापेक्षा बरी. आणि ट्रॉली रिकाम्या वजनाला काट्यावर येते तेव्हा मागची बाजू उघडी असते, तिथं एक बादली आणि फडकं ठेवायला कारखान्याला काय खर्च येतो?

इथलं पाहिजे असेल तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग घ्या. तिथं २०१६ पासून प्रत्येक मृत्यूची जागेवर जाऊन कारणं शोधायचं काम सुरू झालं. उभ्या ट्रकला मागून धडकणं हे एक मोठं कारण निघालं. २०१६ साली १५१ माणसं गेली होती, २०२० साली ६६.

मापात बोला

२०२० ला लॉकडाऊन होतं. रस्ताच बंद होता तर माणसं कमी मरणारच. असे आकडे टाकू नका.

भोगावतीकाठ

बरोबर, २०२० धरायला नको होतं. २०१९ धरा, लॉकडाऊनच्या आधीचं. ९२.

रात्रपाळी

आणि आपल्या देशातलं काम नाही असं कसं म्हणता? आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन यांनी हरियाणातल्या खेड्यांत शेतीच्या यंत्रांमुळं होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास केला. कडबा कापायच्या यंत्रात बोटं जायची, लहान मुलांची सुद्धा. तेव्हा "मुलांकडं लक्ष ठेवा" असं सांगून ते थांबले नाहीत. यंत्रच कसं बदललं तर बोट आत जाणार नाही, हे त्यांच्या गटानं शोधलं. आपल्या गुऱ्हाळाच्या घाण्याला हात जातो तिथंही हाच विचार लागू पडतो. गुऱ्हाळावर हाताची बोटं नसलेला एक तरी माणूस तुम्ही पाहिला असेलच.

आडसाली

मी ऊस लावणारा, ट्रॅक्टर नाही माझ्याकडं. स्लिप बंद करायला माझाही विरोध, कारण त्याचा मार मलाच बसणार. तोड झालेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजन घटतं. ट्रॉली अडली तर पैसे माझे गेले. ड्रायव्हर आधीच प्रत्येक खेपेला एंट्री म्हणून वरचे पैसे घेतो, आता पट्टीचे पैसेही माझ्याकडूनच मागेल. शिक्षा करायची तर वाहतुकीच्या बिलातून पन्नास-शंभर कापा, खेप अडवू नका.

आणि दगडांचं कुणीतरी बोला. पंक्चर झालं की चाकाला दगड, मागं वीस पावलांवर आणखी चार दगड आणि झाडाची फांदी. ट्रॉली निघाली की दगड तिथंच. माझे वडील सायकलवरून त्याच्यावर पडून महिनाभर अंथरुणात होते. त्या दगडाला कुठला रिफ्लेक्टर लावणार?

दोन ट्रॉली एक हेड

दगडाचं खरं आहे, चूक आमची आहे. मी माझ्या पोरांना सांगितलंय, दगड उचलल्याशिवाय हेड गिअरमध्ये टाकायचं नाही. पण सगळेच ऐकतात असं नाही.

स्लिपचा विरोध माझा कायम आहे. पण ताईंचं वाचून रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून काल एक करून बघितलं. काही कारखाने ट्रॉलीमागं अडकवायचं रिफ्लेक्टरचं कापड देतात, तसलं एक मित्राकडून आणलं. फाळक्याला पट्टी मारली की वाढ्याखाली जाते, म्हणून हे कापड ऊस भरून दोर आवळल्यावर वरून खाली सोडलं आणि खालची दोन टोकं फाळक्याच्या कडीला बांधली. ट्रॉली कोपार्ड्याजवळ कडेला लावली. मोटरसायकल डिपरवर ठेवून मी आणि माझा भाचा मागं मागं चालत गेलो. आधी कापड गुंडाळून ठेवलं होतं. चाळीस पावलांवर भाचा म्हणाला, मामा, ट्रॉली गेली. नुसता अंधार. मग तो पळत जाऊन कापड सोडून आला, आणि आम्ही चालतच राहिलो. दोनशे पावलांपर्यंत मोजलं, तरी चमकत होतं. पुढं वळण आलं म्हणून थांबलो.

त्या ट्रॉलीला लाइट नाही. माझीच ट्रॉली. चार वर्षं मी ती तशीच चालवतोय, आणि मागून ती कशी दिसते हे काल पहिल्यांदा बघितलं.

कापड कारखान्यानं हंगामाच्या सुरुवातीला द्यावं, हरवलं तर बिलातून कापावं. आडसाली म्हणतात तसं. खेप अडवणार असाल तर मी मोर्चात पुढं असेन.

भोगावतीकाठ

स्लिपवर आपलं जमणार नाही, कारण शंभर रुपये कापून घेणारा माणूस कापड घरीच ठेवेल असं मला अजूनही वाटतं. पण दादा, रविवारी मी कोपार्ड्याला येतो. माझी मोटरसायकल जुनी आहे, भावाच्याच मॉडेलची. तिच्या लाइटवर पुन्हा मोजू, या वेळी टेप घेऊन. समोरून दुसरी गाडी फुल्ल लाइटवर ठेवून पण एकदा बघू. ताई, तुमच्या तक्त्यातली बाकीची घरं भरायला तुम्हीही आलात तर बरं होईल.

रात्रपाळी

रविवारी ड्युटी आहे. आठला सुटते. साडेआठपर्यंत पोचते.