एक किलोचा लॅपटॉप: वजन घटलं, पण हातचं काय गेलं?

दगडफूल (धागालेखक):
ऑफिसच्या कामाला चौदा इंची, जेमतेम किलोभर वजनाचा बिझनेस लॅपटॉप वापरतो. कीबोर्ड सुरेख आहे, स्क्रीनवर दिव्याची तिरीप येत नाही, बिजागरीही मजबूत. तरी माझं मत ठाम आहे: हलकेपणाच्या नावाखाली कंपन्यांनी वापरणाऱ्याच्या हातातलं बरंच काही काढून घेतलं. रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. घेताना १६ जीबी घेतली, तर लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत १६च.

त्याहून जास्त छळते ती झोप. पूर्वीची एस३ स्लीप (रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी झोप) बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये उरलेलीच नाही, तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलं. त्यात यंत्रणा अर्धवट जागी असते आणि नेटवर्कही चालू राहू शकतं. एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) अडून बसला की झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेतच तापत राहतो. बाहेर काढावा तर बूड चटका देतं, पंखा घोंघावतोय आणि बॅटरी निम्म्यावर. मीटिंगच्या तोंडावर हे होणं मला मान्य नाही.

पायपीट:
साफ असहमत. माझं काम फिरतीचं. आधीचा लॅपटॉप सव्वादोन किलोचा होता, वर चार्जरची वीट वेगळी. संध्याकाळी खांदा भरून यायचा. आता ६५ वॉटच्या एकाच यूएसबी-सी चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागतात. झोपेचा त्रास असेल तर झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं असं सेटिंग करा. रॅममधलं सगळं एसएसडीवर उतरतं आणि लॅपटॉप खरोखर बंद होतो. उठायला थोडी जास्त सेकंदं लागतात, एवढंच.

दगडफूल:
ते सेटिंग माझ्या हातात कुठे आहे? आयटी विभागाने पॉवरचे पर्याय लॉक केलेत. आणि झाकण मिटलं की झोपणं हे लॅपटॉपचं मूळ काम आहे. त्यासाठी वापरणाऱ्याने उपाय शोधत का बसायचं?

पायपीट:
मग आयटीकडे पुरावा घेऊन जा. विंडोजमध्ये स्लीप स्टडी नावाचा रिपोर्ट काढता येतो. रात्रभरात कोणत्या उपकरणाने किंवा ड्रायव्हरने लॅपटॉप जागा ठेवला, ते त्यात दिसतं. नुसती 'बॅटरी उतरते' अशी तक्रार कुणी मनावर घेत नाही.

तांब्याची_तार:
रॅमबद्दल थोडं. सोल्डर करण्यामागे फक्त लबाडी नाही. एलपीडीडीआर रॅम कमी व्होल्टेजवर चालते, बॅटरी वाचवते, आणि तिचा वेग टिकवायला प्रोसेसरपर्यंतचा मार्ग आखूड आणि स्वच्छ लागतो. तिचीच एक जात, एलपीडीडीआर५एक्स, ७५०० एमटी (दशलक्ष ट्रान्सफर) प्रतिसेकंदाला सहज जाते. स्लॉटमधली नेहमीची डीडीआर५ बहुतेक लॅपटॉपमध्ये ५६०० वर थांबते. पण ही सबबही आता जुनी झाली. २०२४ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ लॅपटॉपच्या सातव्या पिढीत एलपीकॅम२ आलं: तीच एलपीडीडीआर५एक्स, पण स्क्रूने बसवायची आणि बदलता येणारी. ते जड कामाचं वर्कस्टेशन आहे, किलोभराचं यंत्र नव्हे, हे मान्य. तरी दिशा दिसते. तोवर घेतानाच ३२ जीबी घ्या, यात कंजूषी नको.

निळी_शाई:
ट्रॅकपॉइंटबद्दल (कीबोर्डच्या मधली, बोटाने रेटून पॉइंटर हलवायची लाल टोपी) कुणीच बोललं नाही! लाल टोपीवर बोट ठेवून वाचत बसलं की पॉइंटर आपोआप एका कोपऱ्याकडे सरकू लागतो. नवे लोक घाबरून त्याला उलट दिशेने रेटतात आणि सरकणं आणखी लांबतं. बोटाच्या सततच्या दाबालाच तो मूळ स्थिती समजून बसलेला असतो. बोट पूर्ण उचला, क्षणभर थांबा, तो आपला आपण जागेवर येतो. हा बिघाड नाही. एवढ्यासाठी ट्रॅकपॉइंट बंद करू नका, हात कीबोर्डवरून न हलवता काम होण्याचं सुख दुसऱ्या कशात नाही.

दगडफूल:
ट्रॅकपॉइंटवर माझं भांडण नाही, तो मलाही आवडतो. भांडण उष्णतेवर आहे. १५ वॉटचा प्रोसेसर इतक्या पातळ डब्यात कोंबतात. मोठा प्रोजेक्ट बिल्ड करायला (कोडपासून प्रोग्राम बनवायला) घेतला की सुरुवातीला वेग झकास, मग मर्यादा लागू होते आणि घड्याळगती (प्रोसेसरचा वेग) धाडकन उतरते. जाहिरातीत मात्र तो सुरुवातीचाच वेग छापलेला असतो.

पायपीट:
तासन् तास बिल्ड करायचं असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाहीच. माझ्या कामात मेल, एक्सेल आणि ब्राउझर. थोड्या वेळाची उसळी मिळाली की भागतं. तुम्हाला चुकीचं यंत्र मिळालंय म्हणून सगळ्यांच्या खांद्यावर किलोभर ओझं वाढवू नका.

दगडफूल:
किलोभर कोण मागतंय? शंभर ग्रॅम वाढवा. त्यात मोठा हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) द्या आणि चार्जिंगचा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर बसवा. यूएसबी-सीची केबल लावलेली असताना धक्का बसला आणि पोर्ट सैल झाला, तर तेवढ्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलायला लागू नये.

तांब्याची_तार:
पोर्टच्या मुद्द्यावर दगडफूल यांच्याशी शंभर टक्के सहमत. पायपीट, तुम्ही दिवसातून कितीदा चार्जर काढता-घालता? पोर्ट कशावर बसवलाय ते घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच बिझनेस मॉडेलची मॅन्युअल कंपनीच्या साइटवर खुली असतात.