मदत हवी आहे: कॅडिसफ्लायची नवीन जात ठरवायची कशी?

नमस्कार मंडळी, मी बोरिवलीची, एमएस्सीचं प्रोजेक्ट कॅडिसफ्लायवर आहे, म्हणजे तो पतंगासारखा किडा ज्याची अळी ओढ्यात रेशमाने वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधते. परमिट काढून पश्चिम घाटात रात्री लाइट लावून पकडलेले नमुने अल्कोहोलमध्ये ठेवलेत. आता जात ठरते नराच्या जननेंद्रियांवरून, नुसते पंख बघून भागत नाही, आणि मादीचं तर विचारूच नका! पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये (KOH च्या द्रावणात) पारदर्शक करताना गरम करता की रात्रभर तसंच ठेवता? काही नर कुठल्याच जुन्या वर्णनाशी जुळत नाहीयेत, मुंबई-पुण्यात ट्रायकॉप्टेरावाले (म्हणजे कॅडिसफ्लायच्या गणावर काम करणारे) कोणी आहे का? आणि होलोटाइप, म्हणजे ज्यावरून नवीन जातीचं नाव ठरतं तो एकमेव नमुना, बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) द्यायचा की झेडएसआयला (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया)?