बारीक आवाजात फाटतो, प्रीसेट वाढवला की हीटसिंक तापतं (टीआयपी 41/42 चा अ‍ॅम्प्लिफायर)

खटपट_सांगली:
नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या टू-इन-वनचे 8 ओहमचे स्पीकर पडून होते, त्यातल्या एकासाठी अ‍ॅम्प्लिफायर केलाय. आयसी मुद्दाम घेतला नाही, ट्रान्झिस्टरचाच करायचा होता कारण आत काय चालतं ते समजून घ्यायचंय. इनपुटला बीसी 557, मग बीसी 547, ड्रायव्हर बीडी 139/140, आउटपुटला टीआयपी 41सी/42सी आणि त्यांच्या एमिटरला 0.33 ओहम. 18 व्होल्टचा 2 अँपिअर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, 4700 मायक्रोफॅरडचा फिल्टर कॅपॅसिटर, डीसी 26 व्होल्ट येतंय, मधल्या पॉइंटला 13, म्हणजे ते बरोबर आहे.
अडचण अशी की आवाज मोठा असला की छान वाजतो पण रात्री बारीक आवाजात लावला की फाटतो, तानपुरा तर अगदी खरखरीत ऐकू येतो, तार छेडल्यावर आवाज विरत जातो ना तिथे जास्तच. बायसचा (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट चालू ठेवतो तो) प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर, वाढवला की आवाज एकदम स्वच्छ होतो पण मग दहा मिनिटांत हीटसिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या पत्र्याला) बोट लावता येत नाही. मीटर लावून बघितलं तर एका 0.33 वर आधी 20 मिलिव्होल्ट होते ते वाढत वाढत 90 झाले, मी घाबरून बंद केला. नक्की काय चुकतंय?

जुना_रेडिओ:
तुमच्या निरीक्षणातच अर्धं उत्तर आहे. बारीक आवाजात फाटणं म्हणजे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. वेव्हचा वरचा अर्धा भाग 41 सांभाळतो, खालचा 42, आणि बेसला साधारण 0.6 व्होल्ट मिळाल्याशिवाय दोघंही जागे होत नाहीत, त्यामुळे शून्याजवळ एक फट पडते. मोठ्या आवाजात ती फट वेव्हच्या मानाने नगण्य असते, बारीक आवाजात मात्र सगळं गाणंच त्या फटीत असतं. म्हणून दोघांनाही आधीच थोडा करंट देऊन ठेवायचा. तुमच्यात बेस-एमिटरची चार जंक्शन आहेत (ड्रायव्हरची दोन, आउटपुटची दोन) म्हणजे बायसला 2.4 व्होल्टच्या आसपास लागतील.
आता 90 मिलिव्होल्ट भागिले 0.33 म्हणजे 270 मिलिअँपिअर, गुणिले 26, म्हणजे गाणं बंद असतानाही सात वॅट हीटसिंकमध्ये जातायत. एवढे वॅट तर तुमचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला पण देणार नाही, 26 व्होल्टवर 8 ओहमला सहा-सात धरा. तुम्हाला 30 मिलिअँपिअर पुरे, म्हणजे एका 0.33 वर 10 मिलिव्होल्ट. दोन्ही एमिटरच्या मध्ये मीटर लावलात तर 20 दिसतील, ते वाचायला सोपं जातं.
बायसचा ट्रान्झिस्टर कुठे बसवलाय?

खटपट_सांगली:
तो बीसी 547 आहे काका, पीसीबीवरच, फिल्टर कॅपॅसिटरच्या शेजारी.

ठाणे_बेंच:
सापडलं मग! आउटपुट तापला की त्याला लागणारं बेसचं व्होल्टेज दर डिग्रीला साधारण 2 मिलिव्होल्टने कमी होतं, पण तुझा बायसवाला थंड जागी बसून तेवढंच व्होल्टेज देत राहतो, म्हणून करंट वाढतो, मग अजून तापतं, मग अजून करंट. थर्मल रनअवे म्हणतात तो हाच. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच पाहिजे, दोन आउटपुटच्या मधोमध. बीसी 547 काढ आणि बीडी 139 लाव, त्याला भोक असतं, स्क्रूने घट्ट बसतो. मागच्या बाजूला कलेक्टर आहे म्हणून खाली माइका (करंट अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा) आणि उष्णता नेणारी पेस्ट हवीच. आणि पाय बघून लाव रे, 547 चे सपाट बाजूने बघितले तर कलेक्टर-बेस-एमिटर, 139 चे छापील बाजूने एमिटर-कलेक्टर-बेस, इथे खूप जण फसतात.
दुसरं म्हणजे प्रीसेट कुठे आहे ते बघ. कलेक्टर आणि बेसच्या मध्ये असेल तर बदल, तिथे फिक्स रेझिस्टर टाक आणि प्रीसेट बेस-एमिटरमध्ये घे. प्रीसेटचा सरकणारा काटा कधी ना कधी कॉन्टॅक्ट सोडतोच, बेस-एमिटरमध्ये असला तर बायस कमी होतो, नुसतं फाटेल. कलेक्टरकडे असला तर बायस फुल जातो आणि दोन्ही टीआयपी एका क्षणात जातात. माझे दोनदा गेलेत असे.
आणि चालू करताना मेन्सच्या सिरीजला 40 वॅटचा फिलामेंटचा बल्ब ठेव, एलईडी नाही चालणार. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद कर. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढून मग बायस सेट कर, बल्ब असताना व्होल्टेज थोडं पडतं.

खटपट_सांगली:
रविवारी पुण्याला गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतून बीडी 139 आणि माइका आणला. प्रीसेट खरंच कलेक्टरकडे होता, बदलला. दोन्ही एमिटरमध्ये 20 सेट केले, तासभर गाणी लावून परत बघितलं तर 17. हीटसिंक कोमट. तानपुरा आता शेवटपर्यंत स्वच्छ विरतो, आईला बोलावून ऐकवला!! खूप आभार दोघांचे. एकच राहिलंय, व्हॉल्यूम शून्यावर असताना पण हलकी घरघर येते.

जुना_रेडिओ:
17 उत्तम, गरम झाल्यावर थोडं कमी होणं चांगलंच. घरघरीसाठी स्पीकरची परतीची वायर इनपुटच्या ग्राउंडला जोडली असेल तर काढून थेट 4700 च्या कॅपॅसिटरच्या मायनस पायावर न्या, इनपुटचं ग्राउंड वेगळ्या वायरने तिथेच आणा. करून सांगा, मग दुसऱ्या स्पीकरचं बघू.