मदत हवी आहे: तणनाशक फवारणाऱ्या मजुरांना नेमकं कोणतं साहित्य द्यावं?

नमस्कार. माझ्याकडे तणनाशक फवारायला चार जण येतात. परवा एकाचा पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता. सदरा भिजून अंगाला चिकटला, तरी पंप संपेपर्यंत तो फवारतच राहिला. अंघोळीच्या वेळी पाठ लाल झालेली दिसली. मला कळलं दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांना दाखवलं, आता बरा आहे, पण पंप तपासून देणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

आजवर तोंडाला रुमाल आणि सुती हातमोजे, एवढंच चालत आलंय. सगळं एकदम घेणं जमणार नाही. आधी काय घेऊ? महागडा मास्क घ्यायचं मनात आहे. आणि उन्हात हे सगळं अंगावर ठेवायला मजूर तयार होत नाहीत, त्याचं काय करता?

प्रतिसाद:
मास्कच्या आधी हातमोजे घ्या. तणनाशक अंगात जातं ते बहुतेक वेळा कातडीतून, आणि सर्वांत मोठा धोका फवारताना नसून मूळ औषध मोजून पाण्यात मिसळताना असतो. (आपण त्याला 'औषध' म्हणतो ना, तिथूनच निष्काळजीपणा सुरू होतो.) सुती किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात आणि कातडीला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडे हात लगेच धुतलेले बरे. अस्तर नसलेले, कोपराकडे जाणारे नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) जाड मोजे घ्या. दवाखान्यातले पातळ चालणार नाहीत. मिसळणाऱ्याला रबरी एप्रन आणि बाजूंनी बंद चष्मा हवाच, कारण टू-फोर-डी या तणनाशकाच्या काही प्रकारांनी डोळ्याला कायमची इजा होते.

फवारणी जमिनीकडे असेल तर बाही मोज्याच्या बाहेर ठेवा, नाहीतर ओघळ मोज्यात उतरतो. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेर, तेही याच कारणाने. मास्क कोणता, ते त्या औषधाच्या लेबलवर बघा. रुमाल मात्र बंद करा, तो ओला झाला की औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो.

प्रतिसाद:
उन्हाचा प्रश्न खरा आहे. आम्ही पहाटे, वारा मंद असताना फवारतो आणि ऊन चढायच्या आत थांबतो. फवारलेल्या तणातून परत चालावं लागणार नाही अशी दिशा धरतो. पंपात आधी नुसतं पाणी भरून दाब देतो, गळती तिथेच कळते. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना मऊ ब्रश ठेवतो. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे. कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

आणि पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर हात जोडून सांगतो, पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. त्यावर उतारा नाही, एक घोटही जीव घेतो.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. मास्क मागे ठेवला, आज चार जोड मोजे, दोन एप्रन आणि चष्मे सांगितले. पंपाची वायसरही बदलली. एक राहिलं: अंगावर सांडलंच तर डॉक्टरकडे नेण्याआधी काय करायचं?

प्रतिसाद:
भिजलेले कपडे तिथल्या तिथे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहतं पाणी. पोटात गेलं तर स्वतःहून उलटी करवू नका, तसंच लगेच डॉक्टरकडे न्या. डब्याचं लेबल सोबत न्या, डॉक्टर आधी तेच मागतात. म्हणून साबण आणि पाण्याची भरलेली घागर फवारणीच्या जागीच ठेवा.